अर्धा आत, अर्धा बाहेर
वाचकांचे प्रश्न : ओझ्याच्या गोष्टी

उन्हाळ्यात नागपूरच्या माणसाने लोखंडाचा विषय काढू नये, नुसता हात लावला तरी चटका बसतो. पण या वेळच्या टपालात लोखंडच लोखंड. ज्यांना हे सदर नवीन आहे त्यांच्यासाठी : मी चौतीस वर्षं रिगिंगच्या, म्हणजे जड ओझी उचलून हलवायच्या कामात होतो, खलाशी (जहाजावरचा नव्हे, टोळीतला मजूर) म्हणून लागलो आणि फोरमन म्हणून निवृत्त झालो. कोराडी, खापरखेडा, हिंगण्याचे कारखाने, सगळीकडे दुसऱ्यांची ओझी चढवली-उतरवली. इंजिनिअर नाही. जे सांगतो ते हाताने शिकलेलं आहे, आणि थोडं हाडांनी.

प्रश्न : काका, नमस्कार. बुटीबोरीला माझं शेड बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. आजवर गर्डर भिलाई-रायपूरकडून उघड्या ट्रेलरवर यायचे, हायड्रा क्रेन लावून वरून उचलायचो. या वेळी पहिल्यांदाच परदेशी माल घेतला आहे. चाळीस फुटी बंद कंटेनरमध्ये ४४ गर्डर, प्रत्येक ११.८ मीटरचा, मीटरला ४६ किलो, चार-चारचे बंडल बांधलेले. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, "साखळी बांधा, हायड्राने खेचा, दोन तासांत डबा रिकामा." हायड्रावालाही तयार आहे. माझ्या वडिलांना मात्र हे काही पटत नाही. तुमचं मत काय?
— एक वर्कशॉपमालक, बुटीबोरी

वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांना का पटत नाही ते त्यांना नीट सांगता येत नसेल, पण पोटात कळलं आहे त्यांना.

आधी वजन मांडू. ११.८ मीटर गुणिले ४६, म्हणजे एक गर्डर ५४३ किलोचा. चारचं बंडल जवळजवळ २,१७० किलो. अशी अकरा बंडलं, २४ टनांच्या आसपास. हे आकडे कागदावर लिहून शेडच्या दाराला चिकटवा. काम सुरू झाल्यावर कोणी विचारलं की "किती असेल हो हे?", तर "असेल दीड-दोन टन" असं उत्तर यायला नको. कंटेनरच्या दारावर रिकाम्या डब्याचं वजन आणि जास्तीत जास्त भरलेलं वजन छापलेलं असतं. चाळीस फुटी डबा रिकामा पावणेचार टनांच्या आसपास भरतो. २०१६ च्या जुलैपासून जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक भरल्या कंटेनरचं वजन आधी पक्कं करून द्यावं लागतं, तेव्हा तो आकडाही तुमच्या पुरवठादाराकडे आहेच. मागून घ्या आणि आपल्या हिशोबाशी ताडून पाहा.

आता ११.८ च का, १२ का नाही? डबा आतून बारा मीटर आणि वर बोटभरच असतो. म्हणजे तुमचा माल डब्यात तलवार म्यानात बसावी तसा बसला आहे. पुढे जागा नाही, वर छप्पर, बाजूला पत्रा. उघड्या ट्रेलरवर तुम्ही दोन ठिकाणी स्लिंग, म्हणजे उचलायचे पट्टे किंवा दोर, लावून वरून उचलत होता, गर्डर बिचारा आडवाच्या आडवा वर यायचा. इथे क्रेनचा हूक आत जात नाही. माल दारातून, लांबीत, ओढूनच काढावा लागतो. सगळी गोम या एका गोष्टीत आहे.

ट्रेलरवर ठेवलेल्या डब्याचा उंबरठा जमिनीपासून साधारण दीड मीटर असतो. तुम्ही बंडल ओढायला लागलात. एक मीटर, दोन मीटर, चार मीटर बाहेर आलं, काही होत नाही, पोरं खूश. पाच मीटरलाही काही होत नाही. ५.९ मीटर हा त्याचा मध्य. तो उंबरठ्याच्या बाहेर गेला की बंडल कोणाला न विचारता नाक खाली टाकतं. नाक दीड मीटर खाली गेलं की डब्यातलं शेपूट तेवढंच वर उठतं, म्हणजे आत सब्बल घेऊन ढकलणाऱ्या माणसाच्या छातीपर्यंत. आणि डब्याची रुंदी सव्वादोन मीटरपेक्षा किंचित जास्त, त्यातही बाकीची बंडलं रचलेली. पळणार कुठे?

मला हे कसं माहीत, ते सांगतो. १९९६ साली कामठी रोडवरच्या एका यार्डात वीस फुटी डब्यातून चॅनलचे बंडल काढत होतो. मालकाचं नाव सांगत नाही, यार्डही आता राहिलं नाही. मी आत होतो, ढकलत होतो. बाहेर चार जण दोर ओढत होते, तोंडाने "जोर लगा के" चाललेलं. ज्याने "थांब" म्हणायचं तो ट्रेलरच्या पलीकडे तर्री-पोह्याची पुडी सोडत होता. नाक गेलं. शेपूट वर उठून छपराला लागलं, असा आवाज झाला की अजून झोपेत येतो. मी वाचलो असं मला वाटलं, तेवढ्यात बाहेर नाक जमिनीवरून घसरलं आणि वर गेलेलं शेपूट परत खाली आलं, माझ्या डाव्या खांद्यावर. हसळी मोडली. दीड महिना हात गळ्यात. दुसऱ्या दिवशी त्या यार्डात लाल अक्षरांत 'सावधान' लिहिलेली पाटी लागली, बैल गेला अन् झोपा केला. माझी चूक त्यात होतीच : ओढणं चालू असताना मी आत होतो.

"पण हायड्रा नाक वर धरून ठेवेल ना," असं तुमचा हायड्रावाला म्हणेल. धरेल. शेपूट उंबरठ्यावर असेपर्यंत धरेल. शेवटची वीतभर लांबी उंबरठ्यावरून सुटली की शेपूट दीड मीटर खाली आपटेल आणि दोन टनांचा झोका हायड्राच्या बूमला, म्हणजे तिच्या लांब हाताला, बसेल. त्यात ती मागे मागे चाललेली, आणि हूक सरळ खाली नाही, तिरका ओढतो आहे. क्रेन उचलायला असते, खेचायला नसते. हायड्राचं पुढचं धड मधून वळतं, आणि ओझं घेऊन वळताना तिचा तोल किती पटकन जातो हे तुमच्या हायड्रावाल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, फक्त तो तुम्हाला सांगणार नाही, त्याचं भाडं आहे. काही मोठ्या प्रकल्पांवर हायड्राला गेटच्या आत घेत नाहीत ते उगीच नाही.

मग करायचं काय? सगळ्यात सोपा मार्ग पुढच्या ऑर्डरसाठी : माल उघड्या छताच्या कंटेनरमध्ये किंवा बाजू-छप्पर नसलेल्या फ्लॅट रॅकवर मागवा. ताडपत्री काढली की वरून क्रेन. दर थोडा जास्त पडेल. "नाकापेक्षा मोती जड" असं वाटत असेल तर एका मोडलेल्या पायाचा हिशोब शेजारी मांडून बघा. दुसरा मार्ग, अजून डबा तुमच्याकडे निघाला नसेल तर : मिहानच्या कंटेनर डेपोत डी-स्टफिंग होतं का, काय खर्च येतो, हे तुमच्या क्लिअरिंग एजंटला विचारा. तिथे डबा रिकामा करून माल उघड्या ट्रेलरवर आला की पुढे तुमची रोजचीच पद्धत.

आणि डबा दारात येऊन उभाच राहिला असेल, तर मी हे असं करेन. एक उघडा फ्लॅटबेड ट्रेलर भाड्याने घ्या आणि कंटेनरच्या ट्रेलरला पाठीला पाठ लावून उभा करा, दोघे एका रेषेत, सपाट काँक्रीटवर, मुरमावर नाही. दोन्ही घोडे, म्हणजे ट्रेलर ओढणारी पुढची केबिन-इंजिनं, जोडलेले, हँडब्रेक ओढलेले, चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी. फ्लॅटबेडची पाटी डब्याच्या तळापेक्षा वीतभर खाली असते, तेवढे लाकडी स्लीपर टाकून दोन्ही एका पातळीत आणा. आता बंडल डब्यातून निघून थेट फ्लॅटबेडवर सरकेल. त्याच्या पोटाखाली कुठेच पोकळी नाही, म्हणून नाक पडणार नाही आणि शेपूट उठणार नाही. अर्धा आत अर्धा बाहेर असतानाही गर्डर बसलेलाच असतो. एवढं एक साधलं की बाकीचं काम निम्मं सोपं.

दार उघडताना : उजवं दार आधी उघडतं, कारण ते डाव्यावर चढलेलं असतं. सील कापायच्या आधी त्याचा नंबरसकट फोटो काढा. मग दोन्ही दारांच्या उभ्या दांड्यांना मिळून एक पट्टा ढिला बांधा आणि मगच हँडल फिरवा. आत माल सरकून दाराला टेकला असेल तर दार तोंडावर येण्याऐवजी पट्ट्यावर येईल. उघडणाऱ्याने दाराच्या मागे, बाजूला उभं राहायचं, समोर नाही. उघडलेली दारं पूर्ण फिरवून डब्याच्या अंगाला बांधून टाका. दारावर कवटीचं चिन्ह असेल, म्हणजे आत कीड मारायची विषारी धुरी दिलेली असेल, तर ती निघाल्याचा कागद हातात आल्याशिवाय कोणी डोकावायचंही नाही. चिन्ह नसलं तरी अर्धा तास हवा खेळू द्या. मे महिन्यात ते भट्टीचं तोंड असतं.

आता ओढणं. बंडलांखाली लाकडाचे गुटके असतात, त्यामुळे फट आहे. फोर्कलिफ्टच्या काट्याने दाराकडचं टोक चार बोटं उचला आणि जाड पाइपचे तुकडे आडवे सरकवा. हे करताना हात बंडलाखाली जाता कामा नये, पाइप लांब काठीने ढकला. लाकडावर नुसतं घासत ओढलं तर दोन टनांच्या बंडलाला सहज टनभर जोर लागतो, आणि जेवढा जोर जास्त तेवढा दोर तुटल्यावरचा फटका जास्त. पाइपच्या रोलरवर तेच बंडल दोन माणसांच्या पुलरवर, म्हणजे दोर खेचायच्या हातयंत्रावर, शहाण्यासारखं येतं. पुलर फ्लॅटबेडच्या चौकटीला बांधा, मध्ये कप्पी लावून दोर वळवा म्हणजे पुलर चालवणारा दोराच्या रेषेत राहत नाही. ओढणं चालू असताना डब्यात कोणी नाही. कोणी म्हणजे कोणीच नाही, "फक्त दोन मिनिटं" वालाही नाही. बंडल अडकलं, तर आधी ओढणं बंद, दोर ढिला, आणि मग माणूस आत. तो बाहेर येऊन समोर दिसला की पुन्हा ओढणं. वेळ लागतो. लागू द्या.

बंडल एकावर एक रचलेले असतील तर वरचं आधी, हे सांगायची गरज नसावी, पण मी खालचं आधी ओढणारे पाहिले आहेत.

दोन-तीन बंडलं फ्लॅटबेडवर आली की तो घोडा चार-पाच मीटर पुढे घ्या आणि तिथे हायड्राला बोलवा. हो, आता हायड्रा चालेल, कारण आता ती उचलणार आहे. दोन सहा-सहा मीटरच्या स्लिंग, बंडलावर सहा मीटर अंतरावर, मध्यापासून दोन्हीकडे सारख्या. म्हणजे वर समभुज त्रिकोण झाला आणि कोन ६० अंशांचा. शाळेतली भूमिती फुकट गेली नाही. हूक बंडलाच्या वर पाच मीटर लागेल, बूम तेवढी उंच जाते का ते आधी बघा. जात नसेल तर स्प्रेडर बीम, म्हणजे हूक आणि स्लिंगांच्या मधली आडवी दांडी, घ्या. स्लिंग आखूड करून कोन पसरवू नका.

बंडल फूटभर उचललं की थांबा. आडवं आहे का? एक बाजू झुकली तर खाली ठेवा, स्लिंग सरकवा, परत उचला. आणि इथे माझा एक हट्ट आहे, जो मी कोराडीला ६६० मेगावॉटच्या संचांच्या कामावरही सोडला नाही : लांब ओझं घेऊन हायड्रा चालवायची नाही. बंडल हवेत स्थिर ठेवा, फ्लॅटबेड खालून पुढे काढून घ्या, आणि बंडल तिथल्या तिथे खाली, आधी मांडून ठेवलेल्या स्लीपरवर उतरवा. दुसऱ्या बंडलासाठी हायड्रा मीटरभर बाजूला सरकवा, पण रिकामी. दोन्ही टोकांना दोर बांधून दोन माणसं लांबून बंडल वळवतील, गर्डरला हात कोणी लावायचा नाही. मे महिन्यात तसाही कोणी लावत नाही, ही आपल्या नागपूरच्या उन्हाची एकमेव कृपा.

पट्ट्या कापायच्या सगळ्यात शेवटी, बंडल स्लीपरवर बसल्यावर आणि दोन्ही अंगांना पाचरी मारल्यावर. स्टीलची पट्टी ताणलेली असते, सुटली की नागासारखी उसळते. सब्बल घालून पिरगाळायची नाही, कटरने कापायची, डोळ्याला चष्मा, उभं राहायचं बाजूला.

तुमच्या ट्रान्सपोर्टवाल्याच्या दोन तासांऐवजी हे सगळं अख्खा दिवस खाईल. सकाळी सहाला सुरू करा, साडेदहाला थांबा, मग पाचनंतर. मधल्या वेळेचं डिटेन्शन, म्हणजे डबा अडवून ठेवल्याचं भाडं, लागलं तर भरा. आणि त्या ट्रान्सपोर्टवाल्याला एकच विचारा : खेचताना तू डब्यात उभा राहतोस का?

प्रश्न : काका, तुम्ही मार्चच्या अंकात लिहिलं की ओझं उचलायचा लाल बेल्ट चार टनांचा. आमच्या स्टोअरमध्ये लाल बेल्टवर पाच टन छापलं आहे. कोण बरोबर?
— स्टोअरकीपर, हिंगणा

तुमचं स्टोअर बरोबर, मी चूक. जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, करडा ४, लाल ५. करड्याच्या जागी मी लाल लिहून बसलो. संपादकांनी पकडलं नाही, त्यांचा दोष नाही, त्यांनी आयुष्यात पेनापेक्षा जड काही उचललेलं नाही. चूक सुरक्षित बाजूला झाली एवढंच समाधान. पण यातून एक गोष्ट निघते : रंगावर जाऊ नका, बेल्टला शिवलेली चिठ्ठी वाचा. इतवारीत लोहाओळीच्या आसपास रंग बघून बेल्ट घेणारे मी पाहिले आहेत, आणि आपल्या उन्हात दोन उन्हाळे काढल्यावर लाल आणि केशरी सारखेच दिसतात. चिठ्ठी फाटली असेल, अक्षर उडालं असेल, तर बेल्ट कापून दोन तुकडे करा आणि मगच फेका. अख्खा फेकला तर तो उद्या कोणाच्या तरी हूकावर दिसेल.

गर्डरला बेल्ट लावताना कडेवर काहीतरी घालताच ना? जुन्या टायरचा तुकडा, उभा चिरलेला पाइप, काहीही. बारदाना चालत नाही, बारदान्यासकट कापतो.

प्रश्न : मी पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाला आहे. साइटवर ट्रेनिंगला गेलो तर फोरमन म्हणाले, "स्लिंग जेवढी पसरशील तेवढी ती रडते." पुस्तकात साइन-कोसाइन आहे, पण ते त्यांना विचारायची हिंमत झाली नाही. सोप्या भाषेत सांगाल?
— एक विद्यार्थी, नागपूर

तुझ्या फोरमनला भेटायला आवडेल मला. दोन टनांचं ओझं, दोन स्लिंग. दोन्ही सरळ उभ्या असतील तर प्रत्येकीवर एक टन. जमिनीशी ६० अंशांचा कोन झाला की प्रत्येकीवर १.१५ टन. ४५ अंशांवर १.४१ टन. आणि ३० अंशांवर प्रत्येकीवर पूर्ण दोन टन. म्हणजे दोन स्लिंग लावूनही एकटीनेच उचलल्यासारखं. ओझं तेवढंच आहे, पण दोघी एकमेकींना ओढण्यातच जीव घालवतात. विहिरीवर दोघांनी एक घागर धरून लांब लांब उभं राहून बघ, खांद्याला कळेल. साइटवर मोजायला कोनमापक लागत नाही : स्लिंगची लांबी आणि दोन बांधणीमधलं अंतर सारखं असलं की ६० अंश. अंतर स्लिंगपेक्षा जास्त झालं की फोरमनला हाक मार. हिंमत कर. तो रागावणार नाही.

प्रश्न : ट्रेलर चालवतो, वाडीला राहतो. पार्टीवाले म्हणतात की ट्रेलर पायांवर उभा करून घोडा घेऊन जा, आम्ही सावकाश रिकामा करू. डब्यात लोखंड असतं. सोडू का?
— ट्रेलरचालक, वाडी

सोडू नको भाऊ. जड, लांब माल मागून ओढला की वजन मागच्या चाकांच्याही मागे सरकतं आणि घोडा नसलेला ट्रेलर तोंड वर करतो. फोर्कलिफ्ट आत शिरून थेट पुढे गेली तर उलटं, पायांवर बसतो आणि पाय डांबरात रुततात. घोड्याचं वजन हाच तुझ्या ट्रेलरचा नांगर आहे. जोडून ठेव, इंजिन बंद, चावी सिग्नलमनच्या खिशात. आणि तू केबिनमध्ये झोपू नको, सावलीत अशा ठिकाणी बस की तुला क्रेनवाला दिसेल आणि त्याला तू.

प्रश्न : माझे बाबा टोळीत काम करतात, लोखंड उतरवायचं. सहा जण आहेत, टनामागे पैसे. मागच्या महिन्यात त्यांच्यातल्या एका काकांच्या पायावर अँगलचं बंडल आलं, दोन बोटं गेली. गोदामवाल्याने पाच हजार दिले आणि म्हणाला आता विषय संपला. बाबा म्हणतात आपलं हातावर पोट, बोलायचं नाही. मी बारावीला आहे. खरंच विषय संपतो का?
— एक मुलगी, उत्तर नागपूर

बाळ, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, आणि बायकोलाही वाचून दाखवलं.

विषय संपत नाही. ठेकेदारामार्फत आलेला माणूस मालकाच्या धंद्याचंच काम करताना जखमी झाला तर भरपाईची जबाबदारी मालकाला झटकता येत नाही. हे १९२३ च्या भरपाईच्या कायद्यापासून चालत आलं आहे. पाच हजार घेतले म्हणून हक्क गेला असं होत नाही. त्या काकांनी दवाखान्याचे सगळे कागद, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या एका पिशवीत ठेवाव्या. त्या दिवशी कोणाचा ट्रक होता, चलान कोणाचं, सोबत कोण होतं, हे तू आजच एका वहीत लिहून काढ, बाबांना विचारून, तारखेसकट. तुझं अक्षर चांगलं आहे, आणि अशा प्रकरणात मालकाकडे कागद असतो, टोळीकडे नसतो, म्हणून टोळी हरते.

दुसरं, आपल्या महाराष्ट्रात १९६९ पासून माथाडी कायदा आहे. माथ्यावर ओझं वाहतो तो माथाडी. मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी ही माणसं एकत्र केली आणि त्या झगड्यातून हा कायदा आला. लोखंड-पोलाद बाजारातली चढ-उतार त्याच्या यादीत आहे. टोळी माथाडी मंडळात नोंदली गेली तर मजुरी मंडळातून येते, त्याच्यासोबत भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस. नागपुरात मंडळ आहे. एकट्या बाबांनी जाऊ नये, सहाही जणांनी एकत्र जावं. काम जाईल ही भीती खोटी नाही, मी तुला तसं सांगणार नाही. पण सहा जणांची मुरलेली टोळी गोदामवाल्याला एका दिवसात मिळत नाही, हेही त्याला माहीत असतं.

आणि बाबांना माझ्याकडून एक सांग. बुटाचे, हेल्मेटचे पैसे मालकाकडून मागायचेच, पण ते येतील तेव्हा येतील. त्याच्या आधी टोळीने आपसात एक ठरवायचं : सहापैकी एक जण ओझ्याला हात लावणार नाही, तो फक्त बघेल. रोज पाळीने वेगळा माणूस. त्याने "थांब" म्हटलं की पाचही जणांनी थांबायचं, का ते नंतर विचारायचं. त्याचा वाटा त्या दिवशी बाकीच्यांइतकाच. माझ्या टोळीत हे १९९६ नंतर सुरू झालं. पहिल्या आठवड्यात पोरं कुरकुरली की बघणारा फुकटचे पैसे खातो. मग एका दुपारी, हिंगण्याला, त्या दिवशीच्या बघणाऱ्याने "थांब" म्हटलं. कोणाला काहीच दिसत नव्हतं. त्याने बोट दाखवलं, तेव्हा दिसलं की स्लिंग अडकवायच्या कडीची, शॅकलची, पिन अर्धी बाहेर आली होती.

बारावीचा निकाल लागला की मला कळव. पत्ता मासिकाचाच.